विक्रांत उभारा, पण साल ठरवून : गणेशोत्सव मंडळांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे देखावा करणारे कार्यकर्ते,
आणि जमल्यास सजावट स्पर्धांचे परीक्षक,

सप्रेम नमस्कार.

आषाढ लागला की तुमच्या बैठका सुरू होतात. वर्गणीची पुस्तकं छापायला जातात, मंडपाच्या परवानगीसाठी महापालिकेत खेटे सुरू होतात आणि एखाद्या रात्री कोणीतरी म्हणतं, "या वर्षी युद्धनौका करूया." हल्ली हे जरा जास्तच ऐकू येतं. नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ ला, ऐन गणपतीत कोचीला नौदलात दाखल झाली, तेव्हापासून आपल्याकडच्या मंडपांत विमानवाहू जहाजांची रांग लागली आहे. मला त्याचा आनंद आहे. तक्रारही आहे, म्हणून हे पत्र.

मी कोपरीत राहते. मुंबईतल्या एका जहाजबांधणी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनिअर लोक पेन्सिलीने काढत, आम्ही ते ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचो. चुकलेली रेघ अर्ध्या ब्लेडने इतकी हलकी खरवडायची की कागद फाटता कामा नये, मग नखाने घासून गुळगुळीत करायचं आणि वर पुन्हा रेघ मारायची. शेजारच्या खोलीत अमोनियाच्या प्रिंट निघायच्या, त्या वासाने डोळे चुरचुरायचे. मी जहाज डिझाइन केलेलं नाही. पण एकच जहाज वरून, बाजूने आणि आडवं कापून पुन्हा पुन्हा काढलं की कोणती गोष्ट कुठे आणि का आहे, हे हाताला कळायला लागतं. त्यामुळे तुमच्याकडे दर्शनाला आले की बाप्पाला हात जोडून झाल्यावर मी बोटीसमोर रेंगाळते आणि मागची मंडळी "काकू, पुढे चला" म्हणतात.

गेल्या वर्षी पाहिलेल्या एका देखाव्यात १९७१ चं युद्ध होतं. मंडळाचं नाव घेत नाही, पोरांनी रात्री जागवलेल्या दिसत होत्या. धूर, लाल दिवे, भारदस्त आवाजातलं निवेदन, सगळं होतं. मध्यभागी विक्रांत. पण तिचं नाळेकडचं, म्हणजे पुढचं, टोक वर उचललेलं, डेकवर राफेल, मनोरा डाव्या हाताला, मागे २०२२ चा नवा नौदल ध्वज. म्हणजे एका जहाजावर तीन वेगवेगळी दशकं नांदत होती, आणि मनोरा तर कोणत्याच दशकातला नव्हता.

तुम्ही म्हणाल, देखावा आहे तो, बारावीचा पेपर नाही. मान्य. पण तुम्हीच राजगड करता तेव्हा बालेकिल्ला मधोमध आणि पद्मावती माची तिच्या बाजूला नीट बसवता. महाराजांचा जिरेटोप चुकला तर रात्रीत बदलता, कारण चुकीचं दाखवलं की लोक बोलतात. जहाज चुकलं तर कोणी बोलत नाही, इतकाच फरक. शिवाय दुसरी एक गोष्ट आहे. जुनी विक्रांत १९९७ ला निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, २०१४ ला भंगारात गेली. दुसरं विमानवाहू जहाज, विराट, २०२० मध्ये अलंगच्या किनाऱ्यावर तुटायला गेली. कळव्याच्या किंवा घणसोलीच्या पोराला आता विमानवाहू जहाजावर पाय ठेवता येत नाही. तो ते पहिल्यांदा बघणार आहे तुमच्या मंडपात, बाबांच्या खांद्यावर बसून. तिथे जे दिसेल तेच त्याच्या डोक्यात राहणार.

तर आधी तो मनोरा. त्याला नौदलात आयलंड म्हणतात. नाळेकडे तोंड करून उभं राहिलं की तो उजव्या हाताला हवा. ही नुसती रीत नाही. विमानवाहू जहाजांच्या अगदी सुरुवातीला, १९१७ साली, ब्रिटिशांच्या फ्युरियस या जहाजाच्या फक्त पुढच्या भागावर सपाट डेक होतं. चिमणी आणि ब्रिज, म्हणजे कप्तानाची जागा, मधोमध तसेच. डनिंग नावाच्या वैमानिकाने ऑगस्टमध्ये त्या मनोऱ्याला वळसा घालून पुढच्या तुकड्यावर विमान उतरवलं. चालत्या जहाजावर विमान उतरवणारा तो पहिला. पाच दिवसांनी पुन्हा प्रयत्न करताना विमान पाण्यात गेलं आणि तो बुडाला. मधला अडथळा काढल्याशिवाय हे जमणार नाही, हे ध्यानात आलं आणि १९१८ मध्ये अर्गस हे पूर्ण सपाट डेकचं जहाज आलं. पण धूर कुठून सोडायचा, कप्तानाने उभं कुठे राहायचं? म्हणून मनोरा परत आला, फक्त बाजूला. उजवीकडेच का, तर त्या काळच्या इंजिनांच्या आणि पंख्याच्या फिरण्यामुळे विमान डावीकडे ओढलं जायचं. उतरणं फसलं आणि वैमानिकाने एकदम जोर दिला की विमान डावीकडे झुकायचं. ती बाजू मोकळी हवी. जपान्यांनी अकागी आणि हिर्यू या दोन जहाजांवर मनोरा डावीकडे ठेवून पाहिला आणि मग नाद सोडला. इतक्या लोकांनी जिवावर उदार होऊन ठरवलेली जागा आहे ती. तुमच्या मंडपात डावीकडे खांब येतो म्हणून ती बदलू नका, अख्खं जहाज फिरवा.

आता ते उचललेलं टोक. त्याला स्की-जंप म्हणतात. १९७१ मध्ये विक्रांतवर ते नव्हतंच. विक्रांतचा सांगाडा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तयार होऊ लागला, युद्ध संपलं, काम थांबलं. १९५७ ला भारताने ती विकत घेतली आणि बेलफास्टच्या गोदीत ती पुरी होऊन ४ मार्च १९६१ ला दाखल झाली. मधली वर्षं फुकट गेली नाहीत. त्या काळात ब्रिटिशांना तीन युक्त्या सुचल्या होत्या आणि त्या तिन्ही विक्रांतला मिळाल्या: तिरकं डेक, वाफेचं कॅटापल्ट आणि उतरताना वाट दाखवणारा आरसा.

तिरक्या डेकची युक्ती मला फार आवडते, कारण ती नुसती एक रेघ आहे. आधी विमान सरळ डेकवर मागून यायचं, शेपटीखालचा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकायचा आणि ते थांबायचं. हुक चुकला तर समोर उभ्या केलेल्या विमानांवर जाऊन आदळायचं. मध्ये जाळं बांधत, तरी माणसं मरत. मग कोणीतरी म्हणालं, उतरण्याची पट्टी थोडी डावीकडे वळवून काढा. झालं. आता वैमानिक डेकला टेकल्याबरोबर इंजिनाला पूर्ण जोर देतो. तार लागली तर थांबतो, नाही लागली तर समोर मोकळं पाणी आहे, उडून पुन्हा वळसा घालून येतो. बाजूला उभी विमानं सुरक्षित. तुमच्या प्लायवूडवर ही पांढरी पट्टी तिरकी काढायला पाच मिनिटं लागतात. ती सरळ काढलीत तर जहाज १९४५ चं होतं.

आरसाही करता येईल. जहाजाच्या डाव्या कडेला एक आत वळलेला आरसा असायचा, त्यावर मागून दिव्यांचा झोत, दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची ओळ. आरशातला उजेडाचा ठिपका हिरव्या ओळीच्या रेषेत दिसला की वैमानिकाला कळायचं, आपण बरोबर उताराने येतोय. वर गेला तर उंच, खाली गेला तर खोल. मंडपात हे लावलंत तर लहान मुलं पायऱ्यांवर उठून-बसून ठिपका वर-खाली करत बसतील. इतका चांगला चलत देखावा तुम्हाला मोटार लावूनही जमणार नाही.

आणि कॅटापल्ट. डेकमध्ये एक लांब खाच, खाली वाफेवर धावणारा दट्ट्या, वर विमान जोडलेलं. बॉयलरची वाफ सोडली की विमान काही सेकंदांत उडण्याच्या वेगाला. १९७१ मध्ये विक्रांतवर सी हॉक ही जेट आणि अलिझे ही पंख्याची, पाणबुड्या शोधणारी विमानं होती. युद्धाच्या वेळी तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेलेले होते. बॉयलर गेला की वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे डेकवरून वाहणारा वारा कमी. विमान उडवताना जहाज वाऱ्याच्या दिशेला तोंड करून पळतं ते हा वारा मिळवण्यासाठी. बंगालच्या उपसागरात तेव्हा वाराही बेताचा. जड अलिझे उडवायला अधिकाऱ्यांच्या नाकीनऊ येत. असं असताना ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. तुमच्या निवेदनात ‘सिंहगर्जना’ आणि ‘थरकाप’ आहे, तडा गेलेला बॉयलर नाही. तो घाला. भारदस्त आवाज आपोआप खाली येईल आणि लोक जास्त वेळ थांबतील.

स्की-जंप विक्रांतवर आली ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, सी हॅरिअरसाठी. हे विमान थोडं धावून उडायचं आणि हेलिकॉप्टरसारखं सरळ खाली उतरायचं. उताराच्या टोकावरून विमान वर फेकलं जातं तेव्हा त्याला उडण्याइतका वेग अजून आलेला नसतो. वर जाता जाता तो मिळतो. कॅटापल्ट लागत नाही, पण विमानाला इंधन आणि शस्त्रं हात राखून द्यावी लागतात. नव्या विक्रांतचंही तेच गणित आहे: १४ अंशांचा उतार, तीन अडवणाऱ्या तारा. लांबी २६२ मीटर, सर्वांत रुंद जागी ६२. तर स्की-जंप दाखवा, जरूर दाखवा, पण शेजारी ‘१९७१’ लिहू नका. जुनी विक्रांत त्या उतारासह दाखवायची असेल तर डेकवर सी हॅरिअर ठेवा आणि नव्वदच्या दशकातला फलक लावा.

ध्वजाबद्दल जरा नाजूक बोलते. महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन असलेला ध्वज २०२२ चा. १९७१ मध्ये जहाजाच्या मागच्या टोकाला पांढऱ्यावर लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा असा ध्वज होता. क्रॉस ब्रिटिशांचा, हे खरंच. लोक काय म्हणतील म्हणून तुम्ही तो टाळता, हेही मला कळतं. पण त्या डिसेंबरात बुडालेल्या खुकरी या युद्धनौकेवर तोच ध्वज होता, आणि कॅप्टन मुल्ला त्याच जहाजाबरोबर गेले. खाली दोन ओळींचा फलक लावा, लोक समजून घेतात.

विमानांकडे येते. बाजारातली खेळण्यातली विमानं आणून डेकवर चिकटवायची, हा प्रकार आधी बंद करा. एक विमान मुठीएवढं, दुसरं हातभर, आणि शेजारी फूटभर उंचीचा खलाशी. प्रमाण ठरवा. १:१०० घ्या, हिशेब सोपा: नवी विक्रांत २ मीटर ६२ सेंटिमीटर, तिच्यावरचं मिग-२९ के हे लढाऊ विमान १७ सेंटिमीटर, माणूस पावणेदोन सेंटिमीटरचा. एवढासा माणूस ठेवलात की जहाज किती मोठं आहे ते निवेदनाशिवाय कळतं. उभ्या केलेल्या मिगचे पंख दुमडलेले दाखवा, कारण जहाजावर सगळी मारामारी जागेची. राफेल-एमचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला, २६ विमानांचा, त्यामुळे या वर्षी तुम्ही राफेल ठेवणार हे मी धरूनच चालते. तर एवढं लक्षात असू द्या: राफेल-एमचे पंख दुमडत नाहीत. त्याची पुढची चाकाची दांडी हवाई दलाच्या राफेलपेक्षा लांब आणि दणकट असते, आणि शेपटीखाली हुक असतो. हुक नसेल तर ते विमान जहाजावर काय करतंय, असं मला विचारावंसं वाटतं.

तोफांचा सोस कमी करा, असंही सांगायचं होतं. दोन मंडळांनी डेकच्या दोन्ही बाजूंना ढोलाएवढ्या तोफा लावलेल्या पाहिल्या. तो काळ १९४१ लाच संपत आला होता. त्या मे महिन्यात जर्मनांच्या बिस्मार्कचं सुकाणू जायबंदी केलं ते स्वोर्डफिश नावाच्या कापडी आवरणाच्या, दुहेरी पंखांच्या, तेव्हाही जुन्या वाटणाऱ्या विमानाच्या टॉर्पेडोने. जपानच्या यामातोला जगातल्या सर्वांत मोठ्या, ४६ सेंटिमीटर तोंडाच्या तोफा होत्या. एप्रिल १९४५ मध्ये विमानांनी तिला बुडवलं. आजच्या जहाजाच्या पुढे एक बेताची तोफ असते, क्षेपणास्त्रं डेकखाली उभी पुरलेली असतात आणि बाजूच्या भिंती आत झुकलेल्या असतात, म्हणजे रडारचा झोत आला तसा परत जात नाही. माझगाव गोदीत बांधलेल्या विशाखापट्टणम, मोरमुगाव, इम्फाळ, सुरत या विनाशिका अशाच नितळ दिसतात. तुम्ही त्यांना रोषणाईची माळ लावता तेव्हा मी दुसरीकडे बघते.

मोठं जहाज झेपत नसेल तर? बहुतेकांना झेपत नाहीच. पण वर्गणी कमी म्हणून हळहळू नका, कारण १९७१ ची सर्वांत धाडसी गोष्ट सर्वांत लहान नौकांची आहे. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर गेल्या त्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका जेमतेम ३९ मीटर लांबीच्या होत्या. रशियनांनी त्या स्वतःचा किनारा राखण्यासाठी आखल्या होत्या: इंधन थोडं, पल्ला थोडा, मुक्कामाची सोय जवळपास नाही. पण पाठीवर चार पेट्यांत चार स्टिक्स क्षेपणास्त्रं आणि डोलकाठीवर नौकेच्या मानाने फार चांगलं रडार. आपल्या लोकांनी विचार केला, पल्ला कमी आहे ना, मग मोठ्या जहाजांनी यांना दोराने ओढत न्यायचं, इंधन वाचवायचं, कराचीजवळ सोडायचं. राखणीसाठी काढलेलं डिझाइन हल्ल्याला वापरलं. खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंग काढणारी नौका त्या रात्री बुडाली. १:२० प्रमाणात अशी नौका दोन मीटरच्या आत बसते, प्लायवूड आणि पुठ्ठ्यात होते आणि ओढणारा दोर दाखवलात तर अख्खी युक्ती एका नजरेत कळते. अजून कोणत्याही मंडपात मी तो दोर पाहिलेला नाही.

आणि आता ज्याच्यासाठी मी खरं म्हणजे पत्र लिहायला बसले ते. तुम्ही कोची, कराची, बंगालचा उपसागर सगळीकडे फिरून येता. आपल्या खाडीत काय बांधलं जायचं ते का नाही करत?

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि उल्हासच्या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात झाली. रुई लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज कारागीर सुमारे साडेतीनशे माणसं घेऊन या कामावर होता, याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत आहे. नंतर त्यांच्याच सरकारच्या दबावाने ती मंडळी काम सोडून पळाली, आणि बांधणी तरीही थांबली नाही. अडचण बघा काय होती. कल्याणहून समुद्र गाठायचा तर एक वाट वसईच्या तोंडातून, दुसरी ठाण्याच्या खाडीतून, आणि दोन्हीकडे पोर्तुगीजांचे किल्ले. म्हणजे शत्रूच्या तोफांखालून जाऊ शकेल असंच आरमार बांधायचं. आपण रोज लोकलमधून कळव्याच्या पुलावरून ज्या पाण्याकडे बघतही नाही, त्यावरून हा सगळा विचार झालेला आहे.

आता नमुना. गुराब म्हणजे मराठा आरमारातली मोठी लढाऊ नौका; ती नीट करायची तर तिची नाळ आधी समजून घ्या. युरोपातल्या जहाजाची नाळ उंच आणि बंद. गुराबेची पुढे लांब निघालेली, खाली झुकलेली, आणि डेकच्याच पातळीत. पुढच्या बाजूला नाळ आणि डेक यांच्यामध्ये एक आडवी भिंत, त्या भिंतीत दोन झरोके, झरोक्यांतून दोन तोफा सरळ पुढे रोखलेल्या, नाळेवरून मारा करणाऱ्या. लाट आली की पाणी नाळेवर चढतं आणि भिंतीला लागून दोन्ही बाजूंनी ओघळून जातं, आत येत नाही. इंग्रजांच्या जहाजांच्या तोफा दोन्ही कुशींना. पाठलाग करताना किंवा मागून कोणी आलं तर त्या निरुपयोगी. म्हणून आपली गुराब त्यांच्या पिछाडीला जाऊन पुढच्या तोफांनी त्यांची शिडं आणि सुकाणू फोडायची. तळ उथळ, त्यामुळे ओहोटीला खाडीत शिरता येई. मागे येणारं जड जहाज चिखलात रुतायचं. दोन किंवा तीन डोलकाठ्या. तीन डोलकाठ्यांची मोठी गुराब तीनशे टनांपर्यंत, दोन काठ्यांची दीडशेच्या आसपास.

गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की इंग्रजी जहाज जागच्या जागी उभं राहतं. तेव्हा गलबतं वल्ही मारत गुराबेला ओढून मोक्याच्या जागी नेऊन ठेवत. हा ओढण्याचा दोर १९७१ च्या दोराच्या तीनशे वर्षं आधीचा आहे. आज्ञापत्रातही रामचंद्रपंत अमात्यांनी फार थोर नाही आणि फार लहान नाही अशाच नौका बांधाव्यात असं सांगितलंय, आणि लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये हेही. फलकावर लिहायला याहून चांगला मजकूर मिळणार नाही.

प्रसंग हवा असेल तर १६७९ चा खांदेरी घ्या. बेटावर मायनाक भंडारी तट बांधतोय, इंग्रजांची रिव्हेंज आणि बाकीची जहाजं वेढा घालून उभी, आणि नागोठण्याच्या खाडीतून रात्री गलबतं निघून अंधारात त्यांच्या मधून रसद पोचवतायत. ऑक्टोबरात महाराजांचा सरदार दौलतखान याच्या आरमाराशी झालेल्या लढाईत इंग्रजांची डोव्हर ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. आणि हो, गुराब इंग्रजांनीही स्वीकारली होती. आपला नमुना चांगला असल्याची याहून मोठी पावती कोणती? तुम्हाला फक्त एक काळोखा मंडप, वर-खाली होणारी वल्ही आणि लांब उभी तीन उंच जहाजं लागतील. आवाज वल्ह्यांचा पुरे.

ठाण्याचाच प्रसंग हवा असेल तर १७७४ चा डिसेंबर आहे. इंग्रज ठाण्याचा किल्ला घ्यायला आले आणि त्यात त्यांचा कमोडोर वॉटसन प्राणाला मुकला. किल्ला शेवटी पडला हे खरं. तोच किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे आणि तुमच्यातली निम्मी मंडळं विसर्जनाला त्याच्या आसपासून जातात. हरलेली लढाई देखाव्यात करत नाहीत, मला ठाऊक आहे. करून बघा एकदा.

कसं करायचं, याबद्दल थोडंसं. जहाजाचा आकार बाजूने बघून करू नका, आडवं कापून करा. दुधीच्या चकत्या कराव्यात तसे जहाजाचे काप ठरावीक अंतरावर पुठ्ठ्यात कापायचे, मधल्या पट्टीवर उभे करायचे आणि वरून पातळ पट्ट्या चिकटवायच्या. थर्माकोल लागत नाही, तशी परवानगीही नाही. वक्र रेषा हाताने ओढू नका. लवचिक पट्टी घ्या, दोन-चार जागी वजनं ठेवून वाकवा, पट्टी आपल्या मनाने जो बाक घेईल तोच पाण्याला मानवतो. पूर्वी गोदीत मोल्ड लॉफ्ट असायचा: मोठ्या हॉलच्या जमिनीवर जहाजाच्या रेषा खऱ्या मापात आखलेल्या, माणसं गुडघ्यांवर बसून त्यावरून लाकडी साचे करत. तुमच्या सोसायटीचं पार्किंग रविवारी रिकामं असतं, खडूने तिथे गलबत आखा. मुलांना बोलवा.

शिडं आणि दोरांबद्दल मला विचारू नका, चेंदणी कोळीवाड्यात किंवा दिवाळ्याला जुन्या तांडेलांना विचारा. परबाण, म्हणजे शिडाची आडवी काठी, डोलकाठीला कशी बांधतात, वारा कुठून आला की शीड कुठे जातं, हे ते हातवारे करून दाखवतील. ऐरोली-नेरूळला नौदलातून निवृत्त झालेले बरेच जण राहतात. त्यांना सत्यनारायणाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावता आणि शाल देऊन पाठवता. त्याऐवजी आधी महिनाभर कामाला लावा. नौदलाने कल्याणला दुर्गाडीजवळ ठेवण्यासाठी दिलेली टी-८० ही वेगवान गस्ती नौकाही जवळच आहे. चार पोरं जाऊन तिच्या बाजूला उभी राहून आली तर पत्र्याची जाडी, कड्या, बोल्ट कसे असतात ते डोळ्यांत बसेल.

परीक्षकांना एकच विनंती. गुणपत्रिकेत ‘भव्यता’, ‘रोषणाई’, ‘सामाजिक संदेश’ असे रकाने असतात. त्यात ‘अचूकता’ हा एक रकाना वाढवा. दहा गुणांचा का होईना. पुढच्या वर्षी मंडळं आपोआप पुस्तकं उघडतील.

ज्यांना आखणी तपासून हवी असेल त्यांनी नकाशा घेऊन यावं, पण मोबाइलवर नको, कागदावर, आणि मापं लिहिलेला. प्रमाण कोपऱ्यात टाकलेलं हवं. श्रावणात रविवारी दुपारी मी मोकळी असते; पोळ्याला मुलीकडे जाते, तेवढं सोडून. गौरीच्या आदल्या दिवशी आणलेला नकाशा मी बघणार नाही, तेव्हा तुमची रंगाची घाई असते आणि माझी फराळाची.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त ट्रेसर
कोपरी, ठाणे पूर्व

ता. क. पाणबुडी करणार असाल तर पाण्याच्या वर जेवढी दिसते तेवढीच करा. खर्च निम्म्यावर येतो आणि चुकायलाही फारसा वाव राहत नाही.